घडी न पडलेल्या फिती

मेढा, मालवण
२ फेब्रुवारी १९५८

परशुराम,

तुझा फोटो कालच्या टपालाने आला. आधी तुझ्या आईने पाहिला, मग शेवंतीने, मग मी. वहिनीला तू बारीक झालेला दिसलास, शेवंतीला उंच झालेला. मला दोन्ही दिसलं नाही. मी खांदे पाहत होतो.

इथून गेलास तेव्हा तू हायस्कुलातल्या एन.सी.सी. पथकाचा सार्जंट होतास. बाहीवर तीन फिती होत्या. पंधरा ऑगस्टला मामलेदार कचेरीसमोर पथक घेऊन उभा राहिलास ते सगळ्या बाजाराने पाहिलं. आता फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या अकॅडमीत गेलास, आणि फोटोत बाही कोरी, खांदा कोरा. वर जाताना माणसाच्या अंगावरचं कमी कसं होतं, हे मला समजलं नाही.

दुसरं असं की तुझ्या उजव्या खांद्यावर कापडाचा एक चौकोन बाकीच्या शर्टापेक्षा गडद दिसतो. शेवंती म्हणते सावली आहे. मी चौदा वर्षं आरमारात काढली. सावली कशी पडते आणि उसवलेल्या फितीखालचं न विटलेलं कापड कसं दिसतं, यातला फरक मला कळतो.

तुझे वडील असते तर त्यांनी विचारलं असतं. ते नाहीत म्हणून मी विचारतो. तिथे काही झालं आहे का? झालं असेल तर मला लिही, आईला नको. पत्र घरी न पाठवता बाजारात भाईच्या फोटो स्टुडिओच्या पत्त्यावर घाल. घरी येणारं पत्र वाटेत बंदरावर बसलेल्या बाबली नाखव्याच्या नजरेखालून येतं, आणि तो पाकिटाच्या जाडीवरून आतला मजकूर सांगतो.

तुझा काका,
धोंडू

*

अकॅडमी
११ फेब्रुवारी १९५८

काका,

काही झालेलं नाही. इथे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाचा खांदा कोराच असतो. शाळेतल्या फिती फाटकाबाहेर राहतात. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा एका ब्रिगेडियरचा आहे, त्याच्याही खांद्यावर काही नाही. फिती मिळतात त्या शेवटच्या सत्रातल्या निवडक मुलांना.

कोण नवा आणि कोण जुना हे मात्र लांबूनच कळतं. नवा मुलगा आवारात चालत नाही, धावतो. त्याच्या पँटचे खिसे शिवून टाकलेले असतात, म्हणजे हात आत घालायची सवयच लागू नये. त्याने गळ्याचं बटण लावायचं, जुन्याने उघडं ठेवलं तरी चालतं. मधला जिना जुन्यांचा, आम्ही कडेच्या जिन्याने जायचं. जुन्यांचे कमरपट्टे आम्ही त्यांच्या खोल्यांतून आणायचे आणि चमकवून परत नेऊन ठेवायचे. कधी एखादा जुना शिट्टी वाजवतो. मग कवायतीचा गणवेश उतरवून खेळाचा, तो उतरवून जेवणाचा, असे कपडे बदलत पुन्हा पुन्हा रांगेत यायचं. पहिल्या दिवशी मी एका पायात माझा आणि दुसऱ्या पायात ब्रिगेडियरच्या मुलाचा बूट घालून उभा होतो. तोही तसाच उभा होता, म्हणून निभावलं.

गणवेश नवाकोरा मिळाला आहे. तुम्ही म्हणता तो गडद भाग सावलीचाच असणार. फोटोवाला बाहेरचा होता, फाटकाजवळ झाडाखाली बसला होता, फोटो काढून गेला.

गेले दोन रविवार मला बाहेर सोडलं नाही. शर्टाचं एक बटण सैल निघालं म्हणून. हे आईला सांगू नका. आणि काका, खांद्याबद्दल पुन्हा विचारू नका.

परशुराम

*

मेढा, मालवण
२० फेब्रुवारी १९५८

परशुराम,

'काही झालेलं नाही' हे तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. मीही एकदा घरी असंच पत्र पाठवलं होतं, म्हणून त्याचा सूर मला ओळखू येतो.

सैल बटणासाठी कुणी दोन रविवार कोंडून ठेवत नाही. ब्रिगेडियरचा मुलगा आणि होडीवरच्या तांडेलाचा मुलगा एका रांगेत, एकाच वेषात, हेही ऐकायला बरं वाटतं. मी जहाजावर गोरे आणि काळे एका रांगेत पाहिले नाहीत. राज्य बदललं हे खरं, पण माणसं इतक्या लवकर बदलतात असं मला वाटत नाही. तू ज्याच्याशी भांडलास त्याचं नाव तरी कळव.

परवा बाबली नाखवा घरी आला होता. त्याचं सगळं लक्ष देवाच्या फळीवर ठेवलेल्या तुझ्या फोटोकडे. संध्याकाळी बंदरावर, चार माणसांत, त्याने मला विचारलं, "धोंडू, पुतण्याच्या फिती खंय गेल्यो रे? शाळेत होतो तेवा हवालदार, आणि थंय जाऊन शिपाय झालो?" माणसं हसली. मी म्हटलं, उजेड कमी होता, फोटोत उमटल्या नाहीत. बाबली म्हणाला, "टोपीवरचो बिल्लो बरो उमाटलो." पुन्हा हसली.

तू काळजी करू नकोस. मी बंदोबस्त केला आहे. फोटो मोठा करून रंगवायला भाईकडे दिला. त्याचा हात चांगला आहे. माझा भिंतीवरचा फोटो त्यानेच केलेला, तू लहानपणापासून पाहतोस.

तिथे मान खाली घालून राहा. आणि कुणी काही लिहून मागितलं तर देऊ नकोस.

धोंडूकाका

*

मेढा, मालवण
१६ मार्च १९५८

प्रिय परशुराम,

मुलांची वार्षिक परीक्षा जवळ आल्यामुळे शाळेतून घरी यायला उशीर होतो, म्हणून पत्र राहिलं. आपली आई बरी आहे. तुझ्या नावाने रोज देवळात जाते.

काकांचं काय चाललं आहे ते तुला ठाऊक असेल तर कळव. तुझा छोटा फोटो देवाच्या फळीवरून नाहीसा झाला. विचारलं तर म्हणतात, भाईकडे दिला. भाईंना वाटेत विचारलं तर म्हणतात, केव्हाच परत केला. मोठा केलेला फोटो घरी आणलेला नाही, भाईंच्या दुकानाच्या काचेत लावला आहे. मी अजून तिकडे गेले नाही. आई पाहून आली आणि नुसती हसते. काय पाहिलंस म्हटलं तर, "तू जाऊन बघ, डोळ्यांचा पारणा फिटता."

काका हल्ली माझ्याशी बोलताना दार लोटून घेतात आणि विचारतात, परशुराम तुला काही लिहितो का? मी नाही म्हटलं की विश्वास ठेवत नाहीत. तू खरंच त्यांना काही लिहिलं आहेस का?

तुझी,
शेवंतीबाय

*

अकॅडमी
६ एप्रिल १९५८

काका,

हे पत्र मिळताच उत्तर पाठवा. भाईंच्या काचेत माझा जो फोटो आहे त्यात नेमकं काय आहे?

आमच्या तुकडीवर सामंत नावाचा कॅडेट सार्जंट आहे, शेवटच्या सत्रातला. मूळचा वालावलचा. बहिणीच्या लग्नासाठी रजा घेऊन गावी गेला होता. लग्नानंतर पाहुण्यांना किल्ला दाखवायला मालवणला आणलं. परतताना बाजारात भाईंच्या काचेसमोर थांबला. त्याने पाहिलं ते असं: कॅडेटच्या गणवेशातला मी, दोन्ही खांद्यांवर तीन तीन फिती, आणि खाली लिहिलेलं, 'सार्जंट परशुराम कुबल, मालवण'.

सामंत गावी जायच्या आधी त्याच्या खोलीतून फिती लावलेल्या खांदेपट्ट्यांची एक जोडी नाहीशी झाली होती. त्या आठवड्यात त्याचा कमरपट्टा चमकवायचं काम माझ्याकडे होतं. खोलीत जाणारा मीच.

आता त्यांचा तर्क सरळ आहे. मी पट्ट्या चोरल्या, त्या लावून फोटो काढला आणि गावी मिरवायला पाठवला. आपल्याला न मिळालेला हुद्दा अंगावर चढवणं हा इथे चोरीइतकाच मोठा गुन्हा आहे. दोन्हींतलं एक जरी सिद्ध झालं तरी मला घरी पाठवतील. मेजरसाहेबांनी मला एकदा बोलावलं. मी सांगितलं की माझ्या फोटोत फिती नव्हत्या. ते म्हणाले, तो फोटो दाखव. माझ्याजवळ दुसरी प्रत नाही आणि फोटोवाला पुन्हा आलेला नाही. या महिन्याअखेर चौकशीचा निकाल आहे.

तो छोटा फोटो रजिस्टरने पाठवा. आणि काचेतल्या फोटोत हे कुणी केलं ते शोधा. तुम्ही नुसता रंगवायला दिला होता, म्हणून मला बाबली नाखव्याचा संशय येतो. भाईंना कुणीतरी सांगितल्याशिवाय ते असं करणार नाहीत.

परशुराम

*

मेढा, मालवण
११ एप्रिल १९५८

परशुराम,

हा सामंत कोण, याची मी वालावलला चौकशी केली. घर चांगलं आहे म्हणतात. चांगल्या घरातलीच माणसं असे डाव नीट खेळतात. तुझ्या फिती काढल्या गेल्या त्यात त्याचा हात असणार, आणि त्या गावात परत दिसल्या म्हणून तो चिडला आहे.

बाबलीचा यात संबंध नाही. भाईला मी सांगितलं. जे तुझं होतं आणि कुणीतरी काढून घेतलं, ते त्याने परत लावलं, एवढंच. यात खोटं काय आहे?

छोटा फोटो मिळणार नाही. भाईने आधी त्याच्यावरच ब्रशने फिती काढल्या, मग त्याचा पुन्हा फोटो घेऊन तो मोठा केला. म्हणून काचेतला फोटो कुणी नखाने खरवडला तरी फिती निघत नाहीत. काम झाल्यावर छोटा मी चुलीत घातला. तो गडद चौकोन बाबलीने एकदा पाहिला होता, पुन्हा कुणी पाहू नये म्हणून.

त्यांना काही लिहून देऊ नकोस. मला माहीत नाही, एवढंच म्हण. सही केलेला कागद परत मागता येत नाही. तू आता हे सगळं मला विचारतोस ते स्वतःहून की कुणी शेजारी बसून लिहवून घेतो आहे, तेही कळव.

धोंडूकाका

*

अकॅडमी
१५ एप्रिल १९५८

शेवंतीबाय,

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवतो आहे. काकांचं पत्र आलं, ते सोबत जोडलं आहे, वाच. फिती त्यांनीच काढवून घेतल्या आणि मूळ फोटो जाळला. मी हे मेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: काकांनी असं का करावं, आणि केलं तर मूळ फोटो का जाळावा? सामंत बाजूला उभा होता, तो नुसता माझ्याकडे बघत होता.

एक गोष्ट मी घरी खोटी लिहिली होती. माझा गणवेश नवा नाही. पहिल्या सत्रात बहुतेकांना स्टोअरमधला वापरलेला शर्ट मिळतो. माझा आधी कुणातरी जुन्याचा होता, त्याच्या खांद्यावर काहीतरी लावलेलं असणार. तो गडद चौकोन त्याचा. आईला वाईट वाटेल म्हणून नवा म्हणालो. म्हणजे काकांची नजर चुकली नव्हती, अर्थ चुकला.

पण ती नजर त्यांच्याकडे आली कुठून? गेल्या आठवड्यात नौदलाच्या एका अधिकाऱ्याने आम्हाला हुद्द्यांची चिन्हं शिकवली. खलाशाच्या डाव्या दंडावरच्या फिती हुद्द्याच्या नसतात. इतकी वर्षं वर्तणूक चांगली राहिली की एक, आणखी काही वर्षांनी दुसरी, मग तिसरी. गुन्हा झाला की त्या काढून घेतात. त्यामुळे जुन्या खलाशाची बाही कोरी दिसली की शिक्षा झालेली असं समजायचं. ते ऐकताना मला कळलं, काकांनी माझ्या फोटोत काय वाचलं ते.

आपण सगळे तीन फितींमुळे काकांना हवालदार समजत होतो. तेही खरं नव्हतं. पण ते सोड. त्यांच्या भिंतीवरच्या फोटोत तर तिन्ही फिती जागेवर आहेत. मग उसवलेल्या फितीखालचं कापड त्यांनी कुठे पाहिलं?

तो फोटो उतरवून उजेडात बघ. काकांना कळू देऊ नकोस.

परशुराम

*

मालवण
१९ एप्रिल १९५८

प्रिय परशुराम,

आधी भाईंच्या दुकानात गेले. काचेतला तुझा फोटो जवळून पाहिला. तुझे खांदे किंचित पुढे आलेले आहेत, त्यामुळे शर्टाला खांद्याजवळ घड्या पडल्या आहेत. फिती मात्र घड्यांवरून सरळ जातात, पट्टीने आखल्यासारख्या. कापड दुमडलं, फीत दुमडली नाही. एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसतच नाही. भाईंना दाखवलं तर खजील झाले. म्हणाले, "फितींक घड्ये काढूक माका कोणी सांगूक नाय."

काल काका जाळ्यांच्या कामासाठी दांडीच्या किनाऱ्यावर गेले तेव्हा त्यांचा फोटो खाली घेतला. काच पुसली आणि खिडकीशी नेला. परशुराम, तिथेही तसंच आहे. बाहीला कोपराच्या वर एक घडी आहे आणि तिन्ही फिती तिच्यावरून सरळ गेल्या आहेत. हा फोटो भाईंनी तुझ्यासारखा पुन्हा घेऊन मोठा केलेला नाही, रंग वरच बसलेला आहे, तिरपा धरला की उंचवटा दिसतो. फितींच्या कडेने, रंगाच्या बाहेर, कापड गडद आहे. तू म्हणतोस तसं.

मी फोटो हातात घेऊन उभी असताना आई आत आली. रागावली नाही. पाटावर बसली आणि हळू आवाजात बोलली. शेहेचाळीस साली मुंबईच्या बंदरात खलाशांनी संप केला, त्यात काका होते. त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली, त्यात काय होतं ते त्यांना वाचू दिलं नाही. मग सगळ्यांसमोर वस्तऱ्याने फिती उसवल्या आणि घरी पाठवलं. बोटीतून उतरले ते त्याच कपड्यांत. बाबांनी त्यांना घरी आणायच्या आधी भाईंच्या दुकानात नेलं. आई म्हणाली, "तेच्या फिती भाईन फोटोत परत लावल्यान. त्या दिसापासून ह्या घरात कोणी तो विषय काढूक नाय."

बाबांनी काकांसाठी जे केलं तेच काकांनी तुझ्यासाठी केलं, असं मला वाटतं. पण आता तुझ्यावर बेतलं आहे. मेजरसाहेबांच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर तुझ्या हातात आहे. सांगून टाक.

शेवंतीबाय

*

अकॅडमी
२२ एप्रिल १९५८

शेवंतीबाय,

सांगणार नाही. बारा वर्षं ज्यांनी घरातही तोंड उघडलं नाही, त्यांची गोष्ट मी इथे, सामंतसमोर, माझी कातडी वाचवायला सांगू? आणि त्यानंतर ती वालावलला जाईल, तिथून मालवणच्या बंदरावर येईल, आणि बाबली नाखवा ती चार माणसांत सांगेल.

शिवाय मला इथल्या माणसांचा भरवसा वाटत नाही. घरातल्या एकाने संपात भाग घेतला होता हे ऐकून ते काय धरतील, कुणास ठाऊक. राज्य बदललं आहे, पण काका म्हणतात तसं माणसं बदलायला वेळ लागतो की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात निकाल. मला माहीत नाही, असंच मी म्हणेन. घरी यावं लागलं तर बाबांची होडी आहेच. काकांना यातलं काही कळू देऊ नकोस.

परशुराम

(परीक्षा आटोपल्या असतील आणि शाळा बंद असेल म्हणून हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवतो. पोस्टमनकडून तूच घे.)

*

मेढा, मालवण
२५ एप्रिल १९५८

परशुराम,

शेवंतीच्या नावाचं तुझं पत्र मी फोडलं. तुम्ही दोघं माझ्या मागे कुजबुजता असा मला काही दिवस संशय होता. तो खरा निघाला. पत्र फोडल्याबद्दल मी शेवंतीला जे बोलायचं ते बोललो, तुला वेगळं लिहीत नाही. तिच्याकडून आधीची पत्रंही मागून घेतली.

नवा शर्ट मिळाला असं तू लिहिलंस तिथे सगळं बिघडलं. जुना मिळाला असं लिहिलं असतंस तर मी हसलो असतो. मलाही पहिला सदरा मेलेल्या खलाशाचा मिळाला होता.

आज मी तुमच्या मेजरसाहेबांच्या नावे रजिस्टर पार्सल पाठवलं आहे. त्यात माझा भिंतीवरचा फोटो आहे, फ्रेमसकट. तीनपैकी दोन फिती मी चाकूने खरवडून काढल्या. तिसरी ठेवली आहे, ती त्यांनी स्वतः खरवडावी. खाली काय आहे ते त्यांना दिसेल. सोबत काचेतला तुझा फोटो. दोन्हींतल्या फिती एका हाताच्या आहेत आणि दोन्हींत कापडाला घडी आहे, फितीला नाही, हे शेवंतीने पाहिलं, ते मी लिहिलं. भाईने त्याच्या सहीने आपलं म्हणणं दिलं.

मी असं का केलं आणि छोटा फोटो का जाळला, तेही लिहिलं. चार ओळींत झालं. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं दिवस लागेल.

खाली सही केली. या वेळी कागद वाचून मग केली.

ते काय धरतील मला ठाऊक नाही. मी संप केला म्हणून तुला काढलं, तर तू माझ्याकडे ये, आपण दोघं तुझ्या बाबांची होडी काढू. पण चोर म्हणून येऊ नकोस.

धोंडूकाका

*

अकॅडमी
५ मे १९५८

काका,

निकाल थोडा लांबला होता, आज मेजरसाहेबांनी बोलावलं. टेबलावर तुमचा फोटो होता. सामंतही उभा होता. साहेबांनी तुमची चिठ्ठी मोठ्याने वाचली नाही, स्वतःशी वाचली आणि सामंतला दिली. त्याची वाचून होईपर्यंत थांबले. मग फोटो खिडकीशी नेला आणि तिसरी फीत नखाने खरवडली. बराच वेळ बाहीकडे पाहत होते. माझ्याकडे वळून विचारलं, हे कुठल्या जहाजावर होते? मला सांगता आलं नाही. तुम्ही कधी बोलला नाहीत. ते म्हणाले, घरी गेलास की विचार.

फोटोची बाब संपली, आणि तिच्यावरून माझ्यावर आलेला चोरीचा आळही, असं त्यांनी सांगितलं. तुमचा फोटो मी स्वतः नीट बांधून पाठवावा, असा हुकूम दिला. सामंतने बांधायला दोरी आणून दिली. गाठही त्यानेच मारली.

त्याच्या खांदेपट्ट्या अजून सापडलेल्या नाहीत. आमच्या मजल्यावर सगळे एकमेकांच्या पेटीकडे बघतात. काल मी ब्रिगेडियरच्या मुलाच्या पेटीकडे बघत होतो आणि वर पाहिलं तर तो माझ्या पेटीकडे बघत होता.

तो बाहेरचा फोटोवाला गेल्या रविवारी पुन्हा आला. मी नवा फोटो काढून घेतला. सोबत पाठवतो. शर्ट तोच, खांदा तसाच. गडद चौकोन दिसतो आहे.

परशुराम

*

मेढा, मालवण
१६ मे १९५८

प्रिय परशुराम,

पार्सल आलं. गाठ इतकी घट्ट होती की काकांनी ती चाकूने कापायला नकार दिला आणि बसून सोडवली. म्हणाले, सामंताचा मुलगा नौदलात जायला हवा होता.

त्यांनी स्वतः खिळा ठोकून फोटो जागेवर लावला. शेजारी दुसरा खिळा ठोकून तुझा. आईने विचारलं, भाईकडून नीट करून घ्यायचे का? काका म्हणाले, नीटच आहेत.

काल संध्याकाळी बाबली नाखवा आला. कानावर काहीतरी आलं असणार, नाहीतर ऐन मासळीच्या वेळेला तो बंदर सोडत नाही. ओटीवर न बसता सरळ आत आला आणि भिंतीसमोर उभा राहिला. आधी तुझा फोटो पाहिला, मग काकांचा, मग पुन्हा तुझा. पान लावत होता, ते हातातच राहिलं.

"धोंडू," तो म्हणाला, "आता तुझ्यो पण फिती गेल्यो?"

मी आणि आई स्वयंपाकघराच्या दारात होतो. आईने माझा हात धरला. काका जाळं विणत होते. मान वर केली नाही, पण सुई थांबली.

"तेका अजून मिळाच्यो आसत," काका म्हणाले. "माझ्यो काढून घेतल्यानी. शेहेचाळीस साली. दोनांत फरक आसा. बंदरावर सांगशीत तर दोनय सांग."

बाबली खाली बसला आणि हातातलं पान त्याने काकांपुढे धरलं. काकांनी ते घेतलं. जहाजाचं नाव त्यानेच विचारलं, आणि काकांनी सांगितलं. मीही तेव्हाच ऐकलं. तुला पत्रातून कळवणार नाही, मेजरसाहेबांनी तुला सांगितलं आहे तसं तूच विचार.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत ये. काकांचा निरोप आहे, धक्क्यावर गणवेशात उतर. आणि तोच जुना शर्ट घालून ये.

तुझी,
शेवंतीबाय